हात कामात, कान पाठात : वाटचालीत भाषा शिकविणारे ध्वनिपाठ कसे तयार करावेत

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे मूळचे भातशेतीवर जगणारे, आगरी वस्तीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईची आखणी झाली, आणि शेजारच्या कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तळोज्याचे कारखाने व महामार्गांवरील वाहतूक यांनी या परिसराचे रूप पालटले. २०१६ पासून रोडपाली पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गावठाणात आजही आगरी बोली ऐकू येते. परंतु चार पावले पुढे गेले की हिंदी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू, गुजराती अशा अनेक भाषा कानांवर पडतात. पोटापाण्यासाठी आलेल्या या कुटुंबांची मुले आपल्या मराठी शाळांच्या पायऱ्या चढतात. अशीच स्थिती जिल्ह्यातील अनेक औद्योगिक गावांची असल्याने रोडपालीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून हा विषय मांडीत आहोत.

असे मूल वर्गात येते, मागच्या रांगेत बसते आणि गप्प राहते. त्याला गणित येत नाही असे आपणांस वाटते. वस्तुतः त्याला गणिताचा प्रश्नच कळलेला नसतो. त्याच्या आईला शाळेत बोलवावे, तर तीही दारापाशी उभी राहून नुसती मान डोलाविते. शिक्षक तिला धीर देण्यासाठी म्हणतात, “आम्ही मुलांना शिक्षा करीत नाही.” हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. त्या माउलीच्या कानी जाते ते एवढेच की, या शाळेत मुलांना शिकवीत नाहीत! उदाहरण ऐकून हसू येईल. पण या एका शब्दापायी मुलाचे नाव शाळेतून निघू शकते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

या पालकांना मराठी शिकविण्याचा मार्ग कोणता? सायंकाळचा वर्ग भरविला तर आईला स्वयंपाक असतो, वडिलांना पाळी असते. पुस्तक द्यावे तर अनेकांना देवनागरी अक्षरओळख नसते. मोबाइलवर पाहून शिकण्याचे पाठ पुष्कळ आहेत. परंतु त्यांना डोळे आणि बोटे लागतात, आणि कष्टकरी माणसाचे नेमके हेच दोन अवयव दिवसभर गुंतलेले असतात. मोकळे असतात ते कान आणि तोंड. म्हणून केवळ ऐकून व बोलून शिकता येईल, पडद्याकडे पाहावे लागणार नाही व हात लावावा लागणार नाही, असे ध्वनिपाठांचे ॲप तयार करणे हा एक व्यवहार्य उपाय ठरतो. त्याची रचना कशी करावी आणि त्यात शिक्षकाचा वाटा कोणता, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. ही कल्पना आपल्याला परकी नाही

हात कामात असताना तोंडाने म्हणणे व कानाने शिकणे ही आपल्या घराघरांतील जुनी रीत आहे. जात्यावर बसलेल्या बायांचे हात खुंट्यावर असत आणि ओव्या तोंडी असत. सासरी आलेली मुलगी त्या ओव्या ऐकूनच शिके. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून अशा ओव्यांचा फार मोठा संग्रह मिळविला. त्यांपैकी कितीतरी स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. तरीही शेकडो ओव्या त्यांना मुखोद्गत होत्या. दिवेलागणीला म्हटले जाणारे परवचे आणि पाढेही याच रीतीचे.

आकाशवाणीच्या काळात या रीतीला यंत्राची जोड मिळाली. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात रेडिओवरून गणित शिकविण्याचा प्रयोग झाला. त्यात निवेदक प्रश्न विचारून थांबे, वर्गातील मुले मोठ्याने उत्तर देत, आणि मग निवेदक बरोबर उत्तर सांगे. पुढे केनियात याच पद्धतीने इंग्रजी शिकविण्यात आले. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ध्वनिकार्यक्रम तयार केला. तोही मुलांना बोलावयास लावणारा आहे. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांत ध्वनिक्षेपकावरून आधी मुद्रित केलेले पाठ ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ चालविण्यात आली. या उदाहरणांवरून इतके दिसते की, आवाजावर चालणारी शाळा भरू शकते. मात्र ती कशी बोलते आणि केव्हा थांबते यावर तिचे यश अवलंबून असते.

२. पाठाचा गाभा : मोकळी सोडलेली वेळ

नवखे लोक ध्वनिपाठ तयार करतात तेव्हा ते सारखे बोलत राहतात. ‘पानी म्हणजे पाणी, रास्ता म्हणजे रस्ता,’ अशी यादी ऐकत गेले की श्रोत्याला सर्व समजल्यासारखे वाटते, आणि प्रसंग आला की एकही शब्द ओठांवर येत नाही. याचे कारण असे की, ऐकलेले ओळखणे आणि आपल्या मनातून शोधून काढणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. बोलताना दुसरी क्रिया लागते, आणि तिचा सराव करावयाचा तर श्रोत्याला शोधण्यास वेळ दिला पाहिजे.

म्हणून पाठाचा प्रत्येक तुकडा चार भागांचा असावा : प्रथम प्रश्न, मग मोकळी वेळ, मग बरोबर उत्तर, आणि पुन्हा मोकळी वेळ. पहिल्या मोकळ्या वेळेत श्रोता स्वतः उत्तर देतो. दुसऱ्या वेळेत ते सुधारून म्हणतो. हिंदी जाणणाऱ्या मातेसाठी ‘शाळेच्या दारात’ या पाठाचा एक तुकडा पुढीलप्रमाणे होईल :

निवेदक (हिंदीत) : पूछिए, मेरी बेटी कहाँ बैठती है?
(पाच सेकंद स्तब्धता)
मराठी आवाज : माझी मुलगी कुठे बसते?
(पाच सेकंद स्तब्धता)

वाक्य लांब वाटले तर ते शेवटाकडून बांधीत आणावे : आधी ‘बसते’, मग ‘कुठे बसते’, मग ‘मुलगी कुठे बसते’, आणि शेवटी पूर्ण वाक्य. शेवटाकडून बांधल्याने श्रोता प्रत्येक वेळी नवख्या शब्दाकडून सरावलेल्या शब्दाकडे जातो, आणि वाक्याचा नैसर्गिक चढउतारही बिघडत नाही.

स्तब्धता किती सेकंदांची असावी? आरंभी एक सोपा हिशेब पुरतो. बरोबर उत्तर उच्चारण्यास जितका वेळ लागतो त्याची दीडपट करावी आणि आठवण्यासाठी दोन सेकंद मिळवावेत. वरचे वाक्य दोन सेकंदांचे धरले, तर स्तब्धता पाच सेकंदांची होते. हा काही शास्त्रीय नियम नव्हे. ऐकणाऱ्यांकडे पाहून ती वेळ कमीअधिक करावी. रेडिओला ही सोय नव्हती, कारण एकच पाठ सर्वांसाठी एकाच गतीने जाई. ॲपला ती आहे : ‘सावकाश’, ‘मध्यम’ व ‘जलद’ अशा तीन गती ठेवून केवळ स्तब्धता वाढविता येते, बोलणाऱ्याचा आवाज ओढून लांबविण्याचे कारण नाही.

३. विसर पडण्याच्या बेतात असताना पुन्हा विचारणे

एकदा शिकविलेला शब्द पुन्हा केव्हा विचारावा? जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेली गोष्ट आरंभी झपाट्याने व पुढे हळूहळू विस्मरणात जाते. या तत्त्वाचा भाषाशिक्षणात उपयोग करून अमेरिकेतील भाषाध्यापक पॉल पिम्सलर यांनी १९६७ साली आठवणीचे एक वेळापत्रक मांडले. त्यानुसार नवा शब्द ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, १ तासाने, ५ तासांनी, १ दिवसाने, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी व २ वर्षांनी असा वाढत्या अंतराने विचारावयाचा. शब्द विसरण्याच्या बेतात असताना आठवला की तो अधिक काळ टिकतो, हे त्यामागील सूत्र.

व्यवहारात ही अंतरे घड्याळ लावून पाळण्याची गरज नाही. वीस मिनिटांच्या एका पाठात आठ-दहा नवे शब्द घ्यावेत, प्रत्येक शब्द त्याच पाठात चार वेळा वाढत्या अंतराने विचारावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाठाची पहिली पाच मिनिटे कालच्या व चार दिवसांपूर्वीच्या शब्दांसाठी राखावीत. श्रोता तीन दिवस आला नाही, तर ॲपने त्याला पुढच्या पाठावर न ढकलता जुना पाठ आधी ऐकवावा. एवढी नोंद ठेवणे यंत्राला सोपे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला मात्र ती ठेवता येत नाही, आणि यंत्राची खरी मदत येथेच होते.

४. मराठीची स्वतःची वळणे

परभाषेतील तयार पाठ मराठीत उतरवून काम भागणार नाही. आपल्या भाषेची काही वळणे अशी आहेत की, त्यांची दखल रचनेतच घ्यावी लागते.

पहिले वळण लिंगाचे. पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’ म्हणते. एकच ध्वनिपाठ सर्वांना दिला तर अर्धे श्रोते चुकीचे रूप घोकतील. म्हणून आरंभी एकदाच विचारून घ्यावे आणि पुढे त्या त्या श्रोत्याला त्याचेच रूप ऐकवावे.

दुसरे वळण सामान्यरूपाचे. शाळा–शाळेत, पाणी–पाण्यात, डबा–डब्यात, रस्ता–रस्त्यावर हे नियम सांगून शिकविण्यापेक्षा जोडीने ऐकवावेत : ‘हा डबा. पोळी डब्यात आहे.’ अशा वीस जोड्या कानांवरून गेल्या की एकविसावी श्रोता आपण होऊन बनवितो.

तिसरे वळण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे. हिंदीतील ‘हम’ दोहोंचे काम करतो. ‘आपण मुलाला वाचायला शिकवू’ असे शिक्षक म्हणतात तेव्हा त्यात आईही आली, हे तिला कळले पाहिजे.

चौथे वळण उच्चारांचे. ‘चार’ मधील च आणि ‘चाक’ मधील च लिहिण्यात एक, पण बोलण्यात दोन. तीच गोष्ट ‘जेवण’ आणि ‘जागा’ यांतील ज ची. ‘ळ’ तर हिंदीभाषकाला मुद्दाम ऐकवावा लागतो. असे उच्चार जोड्या लावून, सावकाश व वारंवार द्यावेत.

पाचवे वळण फसव्या शब्दांचे. ‘शिक्षा’ आपण पाहिलाच. ‘राग’ हिंदीत बहुधा गाण्याचा, मराठीत संतापाचाही. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. अशा दहा-बारा शब्दांचा एक स्वतंत्र पाठ आरंभीच ठेवला तर पुढचे अनेक गैरसमज टळतील.

आणखी एक विनंती. पाठातील सर्व आवाज निवेदकी, पुस्तकी मराठीचे नसावेत. रोडपालीत राहणाऱ्या माणसाला शेजारच्या आगरी आजीचे बोलणे समजावयास हवे. तिचा आवाज तिच्या संमतीने पाठात घ्यावा. त्यामुळे आपल्या वर्गातील आगरी मुलालाही आपल्या घरच्या बोलीला शाळेत मान आहे, याची जाणीव होईल.

५. यंत्राची बाजू

ॲप बांधणे हे जाणकार कारागिराचे काम आहे. परंतु त्याच्याकडून काय मागावयाचे हे शिक्षकास ठाऊक असावे. मागण्या पाच आहेत.

(अ) पाठ एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालावा. बोलण्याचा आवाज सेकंदाला २४ हजार बिट या प्रमाणात साठविला तर अर्ध्या तासाचा पाठ सुमारे साडेपाच मेगाबाइटमध्ये मावतो आणि आवाजही स्पष्ट राहतो. साध्या मोबाइलमध्येही असे पन्नास पाठ सहज राहतील.

(आ) सुरू करणे व थांबविणे हे श्रवणयंत्राच्या तारेवरील एका बटणाने व्हावे. एकदा दाबले की थांबावे, पुन्हा दाबले की त्याच तुकड्याच्या आरंभापासून सुरू व्हावे. वाक्याच्या मध्यापासून नव्हे.

(इ) दूरध्वनी आला किंवा श्रवणयंत्र निसटले की पाठ आपोआप थांबावा आणि कोठे थांबला याची आठवण राहावी.

(ई) पडदा बंद असतानाही पाठ चालावा. बॅटरी वाचते, आणि पडद्याकडे पाहण्याचा मोहही होत नाही.

(उ) ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘पुढे’ असे तोंडी हुकूम ओळखणे आज शक्य आहे. भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमामुळे व अन्य मुक्त साधनांमुळे मराठी वाणी ओळखणारी यंत्रणाही उपलब्ध झाली आहे. तथापि मालमोटारींच्या गोंगाटात आणि नवशिक्याच्या अडखळत्या उच्चारात ही ओळख चुकू शकते. तेव्हा तोंडी हुकूम ही जादा सोय समजावी. बटण कायम ठेवावे.

येथेच एक सावधगिरीची सूचना. श्रोत्याचे उत्तर ऐकून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा निवाडा यंत्राने देऊ नये. ज्या बाईने महत्प्रयासाने ‘माझी मुलगी कुठे बसते?’ हे वाक्य बरोबर उच्चारले, तिला गोंगाटामुळे ‘चूक’ असे उत्तर मिळाले तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. बरोबर उत्तर ऐकविले म्हणजे पुरे. आपले उत्तर त्याच्याशी ताडून पाहणे तिला चांगले जमते. शिवाय उत्तरे साठवून ठेवू नयेत. मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक असल्याचे २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षण कायद्यात म्हटले आहे. मुलाचा आवाज मोबाइलबाहेर गेलाच नाही, तर हा प्रश्नच उद्‌भवत नाही.

६. हात मोकळे, पण मन मोकळे नव्हे

या साधनाचा सर्वांत मोठा धोका रस्त्यावर आहे. रोडपाली-कळंबोलीचा परिसर अवजड वाहनांचा आहे. हातात मोबाइल धरून वाहन चालविणे हे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार धोकादायक वाहनचालनात मोडते, हे अनेकांना ठाऊक असते. म्हणून हात मोकळे असले की भय नाही, असा समज होतो. तो खरा नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील स्ट्रेयर व जॉन्स्टन या संशोधकांनी २००१ साली दाखविले की, चालकाने फोन हाती धरून संभाषण केले काय आणि हात मोकळे ठेवून केले काय, लक्ष विचलित होतेच. आपले पाठ तर मुद्दाम विचार करावयास लावणारे आहेत! उत्तर शोधण्यात गुंतलेल्या मनाला पुढचा लाल दिवा दिसेलच असे नाही.

यास्तव ॲपच्या आरंभीच, हिंदीत व मराठीत, स्पष्ट सांगावे : वाहन चालविताना हा पाठ ऐकू नये, रस्ता ओलांडताना थांबवावा, पायी चालताना एकच कान झाकावा. मालमोटारीच्या चालकाने माल उतरेपर्यंतच्या थांब्यात तो ऐकावा. बसमधील प्रवासी, भांडी घासणारी किंवा पोळ्या लाटणारी गृहिणी, पाळणा हलविणारी आजी, शिलाईयंत्र बंद करून काजे करणारा शिंपी हे त्याचे खरे श्रोते. फिरती पाती वा तप्त धातू यांच्याजवळ काम करणाऱ्याने काम आटोपल्यावरच कानाला लावावे.

७. शिक्षकांनी कोठून आरंभ करावा

ॲप तयार होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिला पाठ मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाच्या सोयीनेच करून पाहावा. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

प्रथम, पालकांना शाळेशी बोलताना लागणारी वीस वाक्ये लिहून काढावीत : ‘तिला ताप आहे.’ ‘डबा राहिला.’ ‘सुट्टी कधी आहे?’ ‘मला वाचता येत नाही, तुम्ही सांगा.’ पुस्तकी वाक्ये टाळावीत. दुसरे, पालकाच्या भाषेतील प्रश्न त्या भाषेच्या माणसाकडूनच म्हणवून घ्यावा. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील हे काम आनंदाने करतील. तिसरे, शाळा सुटल्यावर, पंखा बंद करून, खिडक्यांवर जाड चादरी सोडून, तोंडापासून वीतभर अंतरावर मोबाइल ठेवून मुद्रण करावे. कृत्रिम आवाज कच्च्या मसुद्यापुरता वापरण्यास हरकत नाही. परंतु ज्या आवाजाचे अनुकरण व्हावयाचे तो माणसाचा असावा. चौथे, पाच पालकांना तो ऐकवून त्यांच्याजवळ नुसते बसावे. ते कोठे गोंधळतात, कोठे स्तब्धता अपुरी पडते, कोठे हसतात, हे टिपून पाठ दुरुस्त करावा.

हीच रीत उलट्या दिशेनेही चालते. शाळेत येताना बसमध्ये शिक्षकानेही भोजपुरीतील वा तेलुगूतील वीस वाक्ये ऐकावीत. ‘तुला भूक लागली का?’ एवढे जरी त्या मुलाच्या भाषेत विचारता आले, तरी मागच्या रांगेतील ते मूल मान वर करील.

ध्वनिपाठ शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. तो शब्द देतो. संवाद घडण्यास समोर माणूस लागतो. वीस दिवस पोळ्या लाटता लाटता घोकलेले वाक्य घेऊन एखादी आई वर्गाच्या दारात येईल आणि अडखळत विचारील, “माझी मुलगी कुठे बसते?” त्या वेळी हिंदीत उत्तर देण्याची घाई करू नये. पाठात ठेवली तेवढीच उसंत तिला द्यावी, सावकाश मराठीत उत्तर द्यावे, आणि तिला आत बोलावून मुलीची जागा दाखवावी.